नीरफणसाखालची नाळ

क्लेर्सिनमावशीकडे कागद नव्हता. झाड होतं.

फ्रेंच मालकांना हैतीतून हाकलून बावीस वर्षं झाली होती. त्या लढाईत मावशीने डोक्यावरून दारूगोळा वाहिला. मग ती डोंगरावर गेली, रान साफ केलं, रताळी लावली. तिथेच तिला मुलगी झाली. नाळ पुरून तिच्यावर नीरफणसाचं रोप लावलं, सगळे लावतात तसं. सातव्या वर्षी मुलगी तापाने गेली. झाड वाढत राहिलं.

नवा कायदा आला. ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही, त्याने खालच्या उसाच्या मळ्यावर राबायचं. परवान्याशिवाय मळा सोडायचा नाही. मळा आता आपल्याच एका जनरलाचा होता.

कायदा आणि दोन शिपाई घेऊन आला कप्तान मेरिल्यूस, मावशी त्या मळ्यावर गुलाम होती तेव्हा तिथेच जन्मलेला.

"मावशी, कागद दाखव."

"ये, दाखवते." तिने त्याला झाडापाशी नेलं. "पोरीची नाळ इथं आहे. आणखी कसला कागद?"

मेरिल्यूसने टोपी काढली.

"झाडावर शिक्का नसतो, मावशी."

"तुझ्या नाळेवर तरी कुठं होता? मीच कापली, मीच पुरली. गळा काढून रडत होतास. तेव्हा ही टोपी नव्हती."

शिपाई हसले. तो हसला नाही.

"देश उभा करायचाय," तो म्हणाला.

"कुणाच्या पाठीवर रे?"

"माझ्याही डोक्यावर कुणीतरी बसलंय."

तिला खाली नेलं. खोपट्यांची तीच रांग, तोच ऊस. चाबूक बंद झाला होता. काठी होती.

महिन्याने मेरिल्यूसने एका रविवारचा परवाना स्वतः आणून दिला.

"सूर्य मावळायच्या आत परत ये. नाहीतर मलाच यावं लागेल."

"ये की. वाट ठाऊक आहे तुला."

डोंगरावर रताळ्यांच्या जागी कॉफीची रोपं होती. नीरफणसाच्या खोडावर चुन्याची फुली होती. रोपांना पाणी घालणारा गडी मान वर न करता म्हणाला, "उद्या पाडणार, मावशी. कप्तानाचा हुकूम."

ती खोडाला टेकून बसली. मग उठली, एक फणस काढला, जाळ केला. साल काळी पडेपर्यंत भाजला. सूर्य डोंगराआड गेला.

मेरिल्यूस एकटाच आला.

"चल, मावशी."

"बस. खाऊन घे."

"उशीर झालाय."

"फुली तूच मारायला लावलीस?"

त्याने टोपी कपाळावर ओढली.

तिने फणस फोडला. वाफ निघाली. एक फोड त्याच्यापुढे धरली.

"खा. मग कुऱ्हाड आण. मी इथून उठत नाही."

मेरिल्यूसने फोड घेतली. टोपी मात्र काढली नाही.