ब्रेकच्या आधी फडकं

उद्या सकाळी बाबांचा आवाज जाणार होता.

डॉक्टर प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडणारे. "म्हणजे बघा, गाठ निघेल, जेवणखाण होईल, श्वासाचंही तसं काही... आवाज मात्र, बघा." काय बघा? थोरलीला त्या 'बघा'च्या पुढे नुसता अंधार दिसला. ती बाबांना घेऊन घरी आली.

बाबा लढाईत दारूगोळ्याचा ट्रक चालवायचे, घरात एवढंच ठाऊक. आज बोलले नाहीत तर बाकीचं कायमचं गेलं. तिने फोनवर रेकॉर्डिंग लावलं.

"बोला, बाबा."

"काय बोलू?"

"लढाईचं."

"होती बुवा एक. संपली."

मध्येच परगावहून धाकट्याचा फोन. "ताई, अगं काहीतरी थरारक काढ ना त्यांच्याकडून! बॉम्बबिम्ब!"

"तू ये आणि काढ, शहाण्या," म्हणत तिने फोन कापला.

बाबांचे हात मांडीवर सारखे वळवळत होते, जणू काहीतरी धरायला शोधत होते. ते पाहून तिला सुचलं. दारातल्या उतारावर त्यांची जुनी मोटार उभी होती. तिने त्यांना स्टेअरिंगमागे बसवलं, स्वतः शेजारी बसली आणि फोन समोर ठेवला. चावी मुद्दाम स्वयंपाकघरात ठेवून आली होती. उगाच विषाची परीक्षा कशाला?

हात चाकावर पडले आणि घोगरा आवाज सुरू झाला.

"दिवे बंद. पुढच्या ट्रकच्या बुडाशी पांढरा ठिपका, त्यावर काजव्याएवढा उजेड. त्याच्या मागे जायचं. एका अंगाला दरी. पाठीशी पेट्या, आपल्यासकट डोंगर उडवतील एवढ्या."

"आणि थांबायचं कसं?"

"ब्रेकचे दिवे काढलेले. नुसता ब्रेक दाबलास तर मागचा येऊन आदळणार, खलास! शेजारी बसलेल्याने आधी पांढरं फडकं बाहेर धरायचं. मागच्याने बघितलं की मग ब्रेक." बोलता बोलता त्यांनी गिअर मोकळा केला. "घाट आला. सोड..."

आणि हँडब्रेक सोडला.

मोटार हलली. आधी मुंगीच्या पावलांनी, मग भराभर. समोर उघडं फाटक, त्यापलीकडे बसगाड्यांचा रस्ता.

"बाबा! ब्रेक!"

बाबांची नजर भलत्याच रस्त्यावर. पाय ब्रेकवर होता, पण ते दाबेनात. "फडकं!"

"अहो बाबा, ब्रेक दाबा!"

"फडकं दाखव आधी! मागे बारा गाड्या आहेत!"

तिने हँडब्रेककडे हात नेला, तर त्यांनी तो मनगटाशी असा पकडला की बोटं बधिर झाली. फाटक जवळ येत होतं. बसचा भोंगा वाजला. तिने दुसऱ्या हाताने गळ्यातली ओढणी ओढली, खिडकीबाहेर काढली आणि जीव खाऊन ओरडली, "दाखवलं! दाखवलं हो!"

कचकन ब्रेक लागला. बोनेट फाटकाबाहेर, नाकासमोरून बस गेली. ड्रायव्हर ओरडला, "घरी सांगून आलाय का?"

"घरातच आहोत!" ती रडत ओरडली.

बाबांनी हँडब्रेक ओढला. मग ओढणी अजून बाहेरच धरून बसलेल्या तिच्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "हं. अशी. रोज अशी भीती वाटायची. वर्षभर. शेजारचा होता ना, फडकंवाला, तो गाणी म्हणायचा. मला थुंकी गिळता यायची नाही."

"कुठली गाणी?"

"सांगतो. घरात नको. इथंच."

ती खाली उतरली. चारही चाकांपुढे विटा लावल्या, शेवटची तर दोनदा ठोकून पाहिली. फोन सीटखाली पडला होता, रेकॉर्डिंग चालूच होतं. तिने तो पुसला, समोर ठेवला आणि दार लावून घेतलं.

"हं, बाबा," ती म्हणाली. एका हाताने हँडब्रेक घट्ट धरला होता. "म्हणून दाखवा."