बोंडासूर आमच्या घरी पोहे खायला आला

बसा. चहा गाळून होईपर्यंत सांगतो. घाई असेल तर मात्र दुसऱ्या कोणाकडून ऐका, कारण मी बोलतो हळू, आणि माझी फजिती माझ्यापेक्षा आमच्या गल्लीतले लोक जास्त भराभर सांगतात.

मी चित्रांची पुस्तकं काढतो. कॉमिक म्हणतात ती. शाळेच्या हजेरीत माझं नाव होतं, मी नव्हतो. अकोल्याच्या जुन्या शहरात आधी दुकानांच्या पाट्या रंगवल्या, मग ट्रकच्या मागचे मोर. इतके मोर रंगवले की अजूनही हात मोकळा सोडला तर मोरच निघतो. एका छापखानेवाल्यानं तो मोर पाहिला आणि विचारलं, याच्यासमोर एखादा राक्षस उभा करता येईल का? झालं! तेव्हापासून राक्षसांवर पोट भरतोय. जत्रेत, एसटी स्टँडवर आमची पुस्तकं दोरीला टांगलेली असायची. वर छापखानेवाल्याचं नाव मोठं, हीरोचं नाव त्याहून मोठं, माझं कुठंच नाही.

आता माझी नात शीतल कॉम्प्युटरवर रंग भरते आणि पुस्तकं मोबाइलवरही दिसतात. धंदा बदलला, लोकांचा प्रश्न तेवढा बदलला नाही. "आबाजी, चित्रं काढता ते ठीक, पन करता काय?"

माझी एक खोड तुम्हाला आधी सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला मनानं तोंड काढता येत नाही. माणूस पाहावा लागतो. हीरोची अडचण नव्हती. छापखानेवाला सिनेमाचं पोस्टर आणून द्यायचा. त्यामुळे आमचा हीरो गोरापान, भर एप्रिलात अकोल्यात चामड्याचं जाकीट घालून फिरणारा. असा माणूस मी वऱ्हाडात आजवर पाहिला नाही. म्हणून आमच्या पुस्तकात वऱ्हाडी माणूस पाहायचा असेल, तर राक्षसांकडे पाहावं लागतं.

त्यातला सगळ्यात चाललेला राक्षस म्हणजे बोंडासूर. हा तेल्हाऱ्याकडच्या शेतात शिरतो, कपाशीची कच्ची बोंडं खातो, ढेकर देतो, आणि दुसऱ्या दिवशी नुकसानीचा पंचनामा करायलाही स्वतःच येतो. त्याचं तोंड मला अमरावतीच्या स्टँडवर सापडलं. एक गृहस्थ संत्र्यांची क्रेटं एसटीत चढवत होते आणि कंडक्टरला विचारत होते, क्रेटाले तिकीट काहून? क्रेट काय खिडकीपाशी बसते? मिशा अशा की त्यांवर ओले टॉवेल वाळत घालावेत. एक भुवई पार कपाळात गेलेली. नाकावर बोराएवढा चामखीळ. मी पेपरच्या कोऱ्या काठावर उतरवून घेतलं. ते गृहस्थ बसमध्ये चढून गेले, तोंड माझ्याकडे राहिलं.

राक्षसाला नोकर लागतो. तो लटलट्या. भित्रा, खोटं बोलणारा, आणि लपला की अर्धा बाहेर राहणारा. डोकं कणगीत, बूड बाहेर. पोरं हीरोपेक्षा यालाच जास्त हसतात. आयुष्यात एवढं एकच तोंड मी कोणाला न पाहता, आपल्या मनानं काढलं. त्याचा मला फार गर्व होता.

तर, शीतलला वरूडकडचं स्थळ आलं. स्थळ आलं म्हणजे तिनंच आणवलं. पोरगा अमरावतीला तिच्याबरोबर कॉलेजात होता. मध्यस्थ रामभाऊंनी फक्त आपणच जुळवल्यासारखं दाखवायचं होतं, आणि ते काम रामभाऊ चांगलं करतात. शीतलनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आबाजी, मले पोरगा पसंत आहे. तुमी फक्त शांत बसजा."

शांत बसणं हे काही अवघड काम आहे का? मी जन्मभर तेच करत आलो.

पण आदल्या दिवशी रामभाऊंनी मोबाइलवर पोराच्या बापाचा फोटो दाखवला. वरूडचे नानासाहेब. मिशा, भुवई, चामखीळ. बोंडासूर!

वर रामभाऊ शांतपणे म्हणाले, "मानूस कडक आहे हो. तुमचं पुस्तक थैलीत घेऊन फिरते. हे काढनारा मले एकडाव समोर पाहिजे, म्हनते. तो तुमीच, हे म्या अजून सांगतलं नाही."

"हसून म्हनतात का?"

"हसताना त्यायले म्या पाह्यलं नाही."

आता तुम्ही माझ्या जागी काय केलं असतं? शहाणा माणूस खरं सांगून हात जोडतो. मी सकाळी उठून सगळी पुस्तकं, ब्रश, रंगाच्या बाटल्या ज्वारीच्या कोठीत दडवायला घेतल्या. कोठी खोल. पुस्तकं तळाशी जावीत म्हणून मी कमरेपर्यंत आत वाकलो, आणि तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. पाहुण्यांना माझं पहिलं दर्शन पाठमोरं झालं.

पाय धुणं, पाणी, ऊनपाऊस सगळं बोलून झालं. माझा लेक आणि रामभाऊ बोलत होते, पोरगा खाली मान घालून बसला होता. नानासाहेब मात्र माझ्याकडेच पाहत होते. एक भुवई वर. मी ती भुवई इतक्या वेळा काढली आहे, पण ती स्वतःवर रोखलेली पहिल्यांदाच पाहिली. मग त्यांनी थैलीतून पुस्तक काढून चटईवर ठेवलं.

"तुमच्याच गावचं आहे हे. जुन्या शहरातलं. काढनारा ओळखीचा आहे काय?"

रामभाऊ छताकडे पाहू लागले. माझा लेक माझ्याकडे पाहू लागला. नाही म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण नाही म्हटलं की माणूस पुढे शोधत राहतो, आणि मला हा शोध कायमचा बंद करायचा होता.

"तो? तो वारला," मी म्हणालो.

आणि लबाडीला पायरी नसते बघा, घसरगुंडी असते. कधी, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नुकताच. कशानं? मी म्हटलं, रंगाच्या वासानं. घरी कोण आहे? मी म्हटलं, कोणी नाही, एकटाच होता बिचारा, पण माणूस लाख मोलाचा. हे शेवटचं का बोललो, ते मला अजून कळलेलं नाही.

नानासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. नाकावरचा चामखीळ थरथरला. मग ते उठून उभे राहिले. "रामभाऊ, आज राहू द्या. शुभ गोष्टीत मौतीची खबर आली. अन् मले तं घरचाच मानूस गेल्यासारखं झालं. आता घरी जाऊन आंघोळ करतो. सोयरिकीचं मंग पाहू."

मंग पाहू! आपल्याकडे 'मग पाहू' म्हणून सुटलेली सोयरीक परत आलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? पोरगा कावराबावरा होऊन बापाच्या मागे उभा राहिला. आणि त्याच वेळी शीतल पोह्यांचं ताट घेऊन दारात आली. तिनं उभे राहिलेले पाहुणे पाहिले, चटईवरचं पुस्तक पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा मी कधी काढलेला नाही. त्या वेळी जो होता, तो काढायची माझी हिंमतही नाही.

ती ताट खाली ठेवून नानासाहेबांना म्हणाली, "बाबाजी, बसा. मेलेला मानूस तुमच्यासमोरच बसला आहे."

मग ती सरळ कोठीपाशी गेली, आत हात घातला, आणि ज्वारीसकट एकेक पुस्तक बाहेर काढून मांडू लागली. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, जो काही मार बसायचा तो पोहे गरम आहेत तोवरच बसू दे, म्हणजे नंतर निदान खाता तरी येतील.

काही बसलं नाही. डोळे उघडले तर नानासाहेब माझ्यासमोर मांडी घालून बसलेले.

"काहून लपले होते तुमी?"

"तुमी मले शोधून राहिले होते, म्हनून."

"मंग? शोधनार नाही तं काय! मानूस म्हनून सोसायटीच्या निवडनुकीत उभा राह्यलो, तं पडलो. मंग तुमचं पुस्तक निंगालं. गावभर पोट्टे माह्यामागं 'बोंडासूर, बोंडासूर' करत हिंडू लागले, अन् मी निवडून आलो. मानसाले कोनी ओयखत नाही इवाई, राक्षसाले सारे ओयखतात. अन् तुमी शेवटच्या पुस्तकात त्या जाकीटवाल्याच्या हातून मले मारून टाकलं! पुढच्या साली निवडनूक आहे माही."

मला इवाई, म्हणजे व्याही म्हणाले, ते ऐकलंत ना? रामभाऊंनी पण ऐकलं. त्यांनी लगेच देण्याघेण्याचा विषय काढला. नानासाहेबांनी हात वर केला.

"हुंडा नको, मानपान नको. बोंडासूर जित्ता पाहिजे. तुमी सकाळी मेले अन् पोहे थंडे व्हायच्या आत जित्ते झाले. त्याले काय अडचन आहे?"

सोयरीक तिथंच जुळली. पोहे सांडेपर्यंत हशा झाला. मलाही धीर आला. म्हटलं, नानासाहेब, तोंड विचारल्याशिवाय घेतलं, ती माझी चूक झाली. पण दुसऱ्याचं तोंड पाहिल्याशिवाय मला काढताच येत नाही. एवढा एक लटलट्या सोडून. तो मात्र माझ्या मनातला.

नानासाहेब घास घेता घेता थांबले. त्यांनी लटलट्याचं पान उघडलं. कणगीत डोकं, बाहेर बूड. मग कोठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग हळूच शीतलकडे. शीतल पदराआड हसत होती.

"आबाजी," ती म्हणाली, "साऱ्या अकोल्याले माईत आहे. आमाले वाटे, तुमी मुद्दामच काढलं."

मी पुस्तक जवळ ओढलं. चष्मा पुसून पाहिलं. तेच पुढं आलेले कान, तीच खाली लोंबणारी हनुवटी. रोज दाढी करताना आरशात पाहतो ना मी! पाहिल्याशिवाय तोंड निघत नाही, हे माझं म्हणणं खरंच निघालं.

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी मान ताठ केली आणि म्हणालो, "हाओ, मुद्दामच काढलं."

आणि हे म्हणताना माझे दोन्ही गुडघे लटलट कापत होते.