गोजरबाई आणि घडीचं दार

गोजरबाईंच्या तिरस्कारातून सुटलेली वस्तू हिंगोलीजवळच्या गोरेगावात शोधावी लागली असती. कुकरची शिट्टी, पाहुण्यांचे काळे चष्मे, जीपमध्ये पुढं बसण्यासाठी भांडणारे बाप्ये, सगळ्यांना त्या एकाच मापानं मोजत. खालचा ओठ जरासा बाहेर येई, बस. त्या तिरस्कारातला मोठा वाटा मात्र नवऱ्याचा, म्हणजे उकंडरावांचा, आणि त्यांच्या खालोखाल त्यांनी आणलेल्या गॅरेजच्या दाराचा.

शटर काय, कुणाच्याही दुकानाला असतं. म्हणून उकंडरावांनी पुण्याच्या पाहुण्यांकडे पाहिलेलं दार मागवलं होतं. चार आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या, आणि बटन दाबलं की रुळांवरून वर जाऊन छताखाली आडव्या होणाऱ्या. महिनाभर गाडी आत राहिली. मग हळद निघाली, शिजली, वाळली, आणि भाव येईपर्यंत ठेवायची कुठं म्हणून पोती गॅरेजात गेली. गाडी लिंबाखाली आली आणि तिचा रंग कावळे ठरवू लागले. पोत्यांची थप्पी दारावर रेलली, तशी सगळ्यात खालची फळी पोट सुटल्यासारखी बाहेर आली. उकंडराव लोकांना ट्रकनं धडक दिल्याचं सांगत.

"व्हय," गोजरबाई म्हणत, "ट्रक आतून आला व्हता."

आता लेकीचे, मंजुषाचे, सासरे रविवारी नांदेडहून येणार होते. व्याह्यांना पोट सुटलेलं दार दिसू नये म्हणून नवी फळी आली, पोती पडवीत हलली. हिंगोलीचा मिस्त्री वैजनाथ सकाळी येतो म्हणाला आणि दुपार झाली. उकंडरावांनी पाना काढला. शेजारची चार माणसं ओट्यावर येऊन बसली, कारण उकंडरावांनी पाना काढला की गावात काहीतरी बघायला मिळतं.

गोजरबाईंनी पाना पाहिला आणि या वेळी त्यांचा ओठ बाहेर आला नाही. नवऱ्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कडबा कुट्टीच्या यंत्रानं नेली होती. तेव्हाही मिस्त्रीला उशीर झाला होता आणि तेव्हाही माणसं बघत होती. उकंडराव त्या बोटांची दर वेळी वेगळी हकिकत सांगत. गोजरबाईंनी रक्तानं भिजलेला सदरा धुतला होता, त्यांना एकच ठाऊक होती.

तेवढ्यात वैजनाथची मोटारसायकल आली. पाना खालच्या कोपऱ्यातल्या बोल्टवर बसलेला पाहून त्यानं गाडी तशीच लिंबाला टेकवली.

"मालक, हात काढा तिथून. दार खाली हाय म्हनून निजलंय असं न्हाई. वरल्या स्प्रिंगा आताच फुल ताणलेल्या असतात. समदा जोर त्या तारेतून ह्याच पट्टीवर येतो. बोल्ट सुटला का पट्टी हात घेऊन जाईल."

उकंडरावांनी पाना सोडला नाही. आपण ट्रॅक्टर खोलून परत बसवला आहे, ही आठवण त्यांनी ओट्यावरच्यांना करून दिली. तो ट्रॅक्टर तेव्हापासून खोकत होता.

विनवणी केली तर हा माणूस चार लोकांदेखत बोल्ट फिरवणारच, हे गोजरबाईंना नवं नव्हतं. त्या वैजनाथकडे वळल्या आणि नवऱ्यासाठी साठवलेलं सगळं त्या निरपराध माणसावर ओतलं. सकाळी म्हणून दुपारी उगवणारा हा कसला मिस्त्री. यानं आजवर किती शटरं वाकडी बसवली असतील ते देवालाच माहीत. याच्या भरवशावर सोडलं तर दार नेमकं व्याह्यांपुढं अडकायचं. बोलता बोलता त्यांनी लोखंडी खुर्ची ओढत नेऊन अंगणात ठेवली, दारापासून चांगली लांब.

"द्या त्याला पाना, अन् तुमी हितं बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "असल्यावर नजर ठिवायला शानं मानूस लागतंय. तुमीच पाना धरला तर देखरेख कोन करावं?"

देखरेख हा शब्द उकंडरावांना मानवला. त्यांनी ओट्याकडे पाहिलं, पाना दिला आणि खुर्चीत बसले. वैजनाथनं एकवार गोजरबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"बराबर हाय, काकू. मालक बसले का कामात चूक होत न्हाई."

त्यानं दाराची वीज तोडली, रुळांना शिकंजे आवळून दार जागीच जखडलं. मग शिडीवर स्प्रिंगांच्या बाजूला उभं राहून दोन सळयांनी आळीपाळीनं ताण उतरवला. तार ढिली पडल्यावरच त्यानं खालच्या पट्टीला हात लावला. वरच्या फळ्या एकेक उतरवल्या, तळाशी नवी ठेवली, वर बाकीच्या चढवल्या, तार अडकवून स्प्रिंगा पुन्हा पिळून ताणल्या आणि सगळ्यात शेवटी शिकंजे काढले. एवढा वेळ खुर्चीतून सूचना येत होत्या. हळू. उजवीकडे. बघून. त्या कुणीही ऐकत नव्हतं, आणि म्हणून दार बराबर बसलं.

दिवेलागणीला ते खळखळ न करता वर गेलं. उकंडरावांनी ओट्यावरच्यांना सांगितलं की आपण बसलो म्हणून झालं, नाहीतर आजकालच्या मिस्त्र्यांचं काही खरं नाही.

गोजरबाई चहा घेऊन आल्या. आधी वैजनाथला दिला, बशीत तुपातली पोळी ठेवून. मग नवऱ्यापुढं कपबशी धरली. ती त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, पाच बोटांनी आणि तीन बोटांनी. गोजरबाईंना बशी सोडायला जरा वेळ लागला.

"सांडताल," त्या म्हणाल्या. "बशी तरी धड धरत जा."

आणि ओठ परत आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे बाहेर आला.