ओडेल डीकनची प्रार्थना

ओडेल स्प्रूइलला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या परसातून असा धूर उठला होता, की मला वाटलं, निम्मं नॉर्थ कॅरोलायना पेटलं. आगीचा बंब माझ्याआधी पोचला होता. बंबवाले पाइप टाकून ताटल्या घेऊन रांगेत उभे होते. धुरापलीकडे दरवाजाएवढा रुंद ओडेल अख्खं डुक्कर भाजत होता. "जेवूनच जा," तो म्हणाला. माझं नाव त्यानं दुसऱ्या वाढीनंतर विचारलं.

ओडेल आमच्या टॉवेलच्या गिरणीत गठ्ठे वाहायची गाडी चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रीचा मदतनीस, असायचा. त्याची प्रार्थना संपली की मिटल्या डोळ्यांनी सगळे "आमेन" म्हणत आणि मग एकमेकांना विचारत, "आज काय मागितलं रे?"

त्याची मावसबहीण व्हर्निटा शिलाई खात्यात होती. लघवीला जायलासुद्धा मुकादमाची मर्जी लागते, म्हणून तिनं युनियनसाठी सह्या गोळा केल्या. युनियन हवी की नको, यावर कामगारांचं मतदान ठरलं. त्या आठवड्यात कंपनीनं सगळ्यांना जेवण दिलं. डुक्कर अर्थातच ओडेलचं. मॅनेजर हॅस्केट त्याच्या कानाशी लागला, "डीकन, प्रार्थनाही तुम्हीच म्हणा. कंपनी म्हणजे आपलं घर, घरात फूट नको, एवढं घाला."

ओडेलनं घातलं. "देवा, बाहेरच्या कुणाला आमच्या या घरात फूट पाडू देऊ नकोस."

"आमेन!" सगळे गरजले. व्हर्निटासुद्धा. मग तिनं डोळे उघडले आणि ताटली खाली ठेवली.

युनियन हरली. थोड्याच दिवसांत, मशीनवर गप्पा मारते म्हणून व्हर्निटाला काढलं. ओडेल मांसाचं पातेलं घेऊन तिच्या दारात उभा राहिला.

"दादा, डुक्कर भाजलंस, ठीक. देवाला कशाला कंपनीच्या कामाला जुंपलंस?"

"साहेब म्हणाले, आणि तोंडून निघून गेलं गं."

"तुझ्या तोंडून गेलं आणि आमेन माझ्याकडून घेतलंस! पातेलं ठेव, पोरं भुकेली आहेत. तू मात्र जा."

तो तसाच टोपी हातात घेऊन हॅस्केटकडे गेला. "साहेब, तिला परत घ्या. चूक माझी आहे."

"चूक कसली? डीकन, तुम्ही तर घर राखलंत!" म्हणत हॅस्केटनं त्याची पाठ थोपटली.

तेव्हापासून चर्चच्या जेवणाला ओडेल प्रार्थनेसाठी उठतो, समोरचे मिटलेले डोळे बघतो आणि खाली बसतो. रस्सा गार होतो.

व्हर्निटाला गिरणीनं परत घेतलं नाही. ती आता शेजारच्या गावात कोंबड्या कापायच्या कारखान्यात आहे. तिथेही युनियन नाही.