उशिरा पोचलेला टोमणा

बाबा जुन्या सामानाचे लिलाव पुकारायचे. समोरच्याने तोंड उघडायच्या आत त्याची फिरकी घेऊन मोकळे व्हायचे. आई म्हणायची, "यांच्या तोंडाला दारच नाही." घशाच्या ऑपरेशननंतर ते दार कायमचं लागलं.

माझी मोठी ताई एका ऑफिसात सर्व्हर सांभाळते. तिने लिलावांची जुनी रेकॉर्डिंग्ज गोळा केली. ऑफिसने टाकून दिलेला सर्व्हर जिन्याखाली बसवला आणि त्यात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा दुसरा कॉम्प्युटर. त्या रेकॉर्डिंग्जवरून बाबांचा आवाज घडवणारा प्रोग्राम त्यात टाकला. बाबांनी टॅबवर लिहिलं की त्यांच्याच आवाजात ते ऐकू यायचं.

पहिल्याच दिवशी मामा म्हणाला, "दाजी, आता तरी घरात शांतता होईल असं वाटलं होतं."

"शांतता विकायला काढलीय. बोल, तुझी बोली किती?" स्पीकर म्हणाला. आई हसता हसता रडली. मग बाबांनी सर्व्हरच्या पंख्याकडे बोट केलं आणि लिहिलं, "आधी या खटाऱ्याचं तोंड बंद करा."

पुढे सर्व्हरचा वीजपुरवठ्याचा भाग जळाला. ताईने दुसरा आणून बसवला आणि तिथून आवाज रेंगाळायला लागला. मामाने चेष्टा करावी, बोलणं दुसरीकडे वळावं आणि मग बाबांचं उत्तर यावं. शिळ्या टोमण्यावर सगळे समजूतदारपणे हसायचे. ते हसू बाबांना टोचायचं. ते कमी लिहायला लागले. मग नुसती मान हलवायला लागले.

ताई ऑफिसातून आली की जिन्याखाली बसायची. व्हर्च्युअल मशीनला मेमरी वाढवून दिली, प्रोसेसरचा वाटा वाढवून दिला, सगळं पुसून नव्याने बसवलं.

"आतून सगळं ठणठणीत दिसतंय रे," ती म्हणायची.

"मग अडतंय कुठे?" मी विचारायचो.

"तेच तर कळत नाही."

रात्रभर तिथेच बसून एका सकाळी उठताना तिने आधारासाठी सर्व्हरवर हात टेकला आणि तशीच थांबली. डबा गार होता. पंखा जेमतेम फिरत होता. एवढं काम करणारं यंत्र गार कसं?

तिने खालच्या, खऱ्या मशीनवरच्या लिनक्सच्या नोंदी उघडल्या. वीज-व्यवस्थापनाच्या चुकांच्या ओळीच ओळी. नवा भाग मदरबोर्डला ओळखताच येत नव्हता. वीज अपुरी आहे असं समजून प्रोसेसर सगळ्यात कमी वेगावर अडकला होता.

"रोग रेड्याला आणि औषध पखालीला," ताई पुटपुटली. "मी आतच बघत बसले."

तिने मदरबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतला मूळ प्रोग्राम, बदललं, मशीन परत सुरू केलं. पंखा घोंघावला. तिने लिलावातलं 'एक वार' लिहिलं आणि बोट उचलायच्या आत बाबांचा आवाज खोलीत घुमला.

संध्याकाळी मामा मुद्दाम आला. "काय दाजी, दुकान बंद केलंत म्हणे?"

बाबांनी टॅबकडे पाहिलं, हसले आणि मान हलवली.

ताईने टॅब त्यांच्या हाताशी सरकवला. "बाबा, आता लगेच येतं. बोला ना."

त्यांनी तिच्या हातावर थोपटलं आणि टॅब अलगद बाजूला केला.

"एक वार," मामा म्हणाला. वाट पाहिली. "दोन वार…" मग आईने विषय बदलला.

ताईने सर्व्हर चालूच ठेवलाय. त्याचा पंखा आता दिवसभर घरात घोंघावत असतो. बाबा त्याला काही म्हणत नाहीत.