उद्याचा गजरा

“सिस्टर, हा आजचा आणि हा उद्याचा.”

कुंदाने माझ्या हातात दोन गजरे ठेवले. दुसरा केळीच्या ओल्या पानात गुंडाळलेला होता. बुधवारची दुपार होती. माझी ड्यूटी संपली होती आणि गुरुवारपासून मी चार दिवस सुटीवर होते. वॉर्डात हे सगळ्यांना माहीत होते. कुंदाला नव्हते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. वसईतल्या एका लहान इस्पितळात मानसिक आजारांचा वॉर्ड होता, तिथे मी नर्स होते. कुंदा बावीस वर्षांची, जवळच्या पापडी गावातल्या एका बागायतदाराची मुलगी. वडील रोज वाडीतला मोगरा पाठवत. वॉर्डात सुई-दोरा चालत नसे. ती केळीच्या सोपटाने, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या धाग्याने, गजरा बांधायची. घरी तसाच बांधत.

केसपेपरवर निदान होते, पर्सनॅलिटी डिसऑर्डर. या आजारात भास होत नाहीत, बोलणे सुसंगत असते. माणसाशी नाते जोडण्याची रीतच दुखरी झालेली असते. कुंदाला एकच भीती होती, आपल्याला सोडून जातील. त्यामुळे तिच्या लेखी माणूस देव तरी असे, नाहीतर वैरी. मी देव होते. गोळ्या ती माझ्याच हातून घेई. बाकीच्या नर्स म्हणत, “जा, तुझी लेक हाक मारतेय.” मला ते आवडत असे. हेही लिहिले पाहिजे.

तिच्या वडिलांनी मेट्रनना सांगितले होते, “धाकटीचे लग्न ठरतेय. आठ दिवस शांत राहिली तर शनिवारी घरी नेतो. नाहीतर तुम्ही बघा काय ते.” पाच दिवस ती शांत होती. घरी गेल्यावर कुठली साडी नेसायची, तेही तिने ठरवले होते.

मधेच गास गावी माझ्या बहिणीचे बाळंतपण आले. मी मेट्रनना विचारले, “कुंदाला सांगू?”

“मुळीच नाही. रडारड करेल. वॉर्ड शनिवारपर्यंत शांत हवा.”

“विचारलं तर?”

“नाटकं असतात गं ही. चार दिवसांत विसरेल.”

आम्ही सगळेच तिच्या त्रासाला तेव्हा नाटक म्हणत होतो.

मी दोन्ही गजरे घेतले. “सकाळी सहाला ना?” तिने विचारले. मी मान हलवली. तोंडाने खोटे बोलले नाही, एवढेच समाधान करून घेतले.

पुढचे मला सोमवारी कळले. कुंदाच्या कॉटवर दुसरी पेशंट होती. वॉर्डातली आया कळंब गावची, पन्नाशीची. ती फरशी पुसता पुसता बोलली.

“सकाळपासून दारात उभी व्हती, फुलं घेऊन. पानी पन नाय घेतलं. सगळ्या बोलल्या, येतील, येतील. दुपारी नवीन सिस्टर बोलली, त्या सुट्टीवर गेल्या, तुला नाय सांगितलं?”

“मग?”

“मग काय, बाई. खिडकीची काच फोडली नि हात कापून घेतला. टाके पडले.”

शनिवारी वडील आले. त्यांनी बँडेज पाहिले. “शब्द नाही पाळला तिने,” एवढेच बोलले आणि मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवण्याच्या कागदावर सही केली. तिची साडीची पिशवी तशीच परत नेली.

केसपेपरवर शेरा होता, ‘चिथावणीशिवाय स्वतःला इजा’. मी तो दुरुस्त करायला सांगितला. मेट्रन म्हणाल्या, “झालं ते झालं. तुझंच नाव येईल त्यात.” मी पुन्हा विषय काढला नाही.

महिन्याभराने तिला भेटायला गेले. केस कापलेले होते. तिने माझ्याकडे पाहिले आणि शेजारच्या अटेंडंटला विचारले, “या बाई कोणाकडे आल्यात?” मी निघाले. घरचे तिला न्यायला कधीच आले नाहीत. काही वर्षांनी ती तिथेच तापाने गेली, असे ऐकले.

तो उद्याचा गजरा गासला गुरुवारी संध्याकाळी उघडला होता. फुले ताजी होती. बहिणीने माळली.

पुढे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवले. सुटीवर जाताना पेशंटला आधी सांगा, परत कधी येणार तेही सांगा, रडला तर रडू द्या. मुली वहीत लिहून घेत. परीक्षेत त्यावर कधी प्रश्न आला नाही.