रहिमाबीचं बाळंतघर

धुळ्याच्या त्या गल्लीत रहिमाबीचं घर फायटर माशांमुळे ओळखलं जायचं. नवरा फारुख यंत्रमागावर कामाला. घरी आला की हातपाय धुऊन थेट काचेच्या टाक्यांपाशी बसायचा. माशांची पिल्लं मात्र जगत नसत. ती हलणारं, जिवंतच खातात; पुडीतल्या खाण्याकडे बघतही नाहीत. शेवटी एका व्यापाऱ्यानं त्याला आर्टेमिया नावाच्या खाऱ्या पाण्यातल्या इवल्याशा जिवांच्या अंड्यांचा डबा दिला. अंडी कसली, तपकिरी भुकटीच. फारुखनं प्लास्टिकच्या बाटलीचं बूड कापलं, ती उलटी टांगली, मिठाचं पाणी भरून चिमूटभर भुकटी टाकली आणि हवेच्या पंपाची नळी आत सोडली.

दुसऱ्या दिवशी रहिमाबीनं ते गढूळ पाणी मोरीत ओतलं आणि बाटली घासून ठेवली.

फारुख रागावला नाही. "पुढच्या वेळी ओतू नकोस," एवढंच म्हणाला. पुन्हा अंडी घातली, ती फुटल्यावर पंप थांबवला आणि बाटलीच्या तोंडाशी टॉर्च धरून तिला हाक मारली. उजेडाकडे नारिंगी ठिपके झेपावत होते, थवेच्या थवे. रहिमाबी बघतच राहिली. तेव्हापासून ते काम तिचं झालं. शेजारच्या लताबाईनं विचारलं, "हाई काय शे वं, भाबी?" तर म्हणाली, "बाळंतघर."

उन्हाळ्यात एकदा भर दुपारी वीज गेली ती येईचना. हवा नाही मिळाली तर ठिपके मरणार. दोघं फरशीवर समोरासमोर बसले आणि पाणी या तांब्यातून त्या तांब्यात उंचावरून ओतत राहिले. फारुख लहानपणी घरी न सांगता पांझरेच्या डोहात मासे धरायला जायचा, हे तिला त्या दुपारी कळलं. वीज आली, तरी दोघांनाही उठावंसं वाटलं नाही.

फारुख गेल्यावर टाक्या विकल्या. मुलगी अलफिया तिला पाचोऱ्याला घेऊन आली. जावई चांगला, घर हवेशीर. "पण इथं फार शांत आहे गं," रहिमाबी म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात ट्रंकेतले कपडे उन्हात घालताना तळाशी तो डबा निघाला.

"जुनी झालीत, अम्मी. नाही फुटणार."

"बघू तर."

तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत बाटली टांगली. पहिल्या दिवशी काहीच नाही. नंतर टॉर्च धरला तेव्हा मोजकेच ठिपके उजेडाकडे आले. पण आले.

"आता हे खाणार कोण?" अलफियानं विचारलं. "घरात मासा कुठंय?"

रहिमाबीनं बुरखा चढवला, रिक्षा केली आणि बाजारातून गप्पी माशांची जोडी घेऊन आली. अलफियाला हसू आवरेना. "लोक माशांसाठी खाणं आणतात, तू खाण्यासाठी मासे आणलेस."

आता गप्पींची पिल्लं बरणीत मावत नाहीत. अंड्यांचा नवा डबा जळगावहून आला आहे. सकाळी ठिपके फडक्यातून गाळताना रहिमाबी फारुखशी हळू आवाजात काहीबाही बोलत असते. अलफिया तेवढा वेळ स्वयंपाकघरात जात नाही.